गावातील घातक पदार्थ, त्यांची नोंद आणि आपण डॉक्टर

१९८४ सालच्या डिसेंबरातील २ आणि ३ तारखेच्या मधल्या रात्री भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात जे डॉक्टर रुग्णसेवेस उभे होते, त्यांची अडचण औषधांच्या तुटवड्याहून निराळी होती. समोर माणसे गुदमरत होती, डोळे उघडता येत नव्हते, तोंडाला फेस येत होता. परंतु या माणसांनी श्वासावाटे नेमके काय घेतले आहे, हेच कोणी सांगत नव्हते. हा वायू डोळ्यांना चुरचुर आणणारा आहे, पाण्याने डोळे धुवा, असा निरोप कारखान्याच्या बाजूने मिळाला. टाकीत सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट होते. त्याचा शरीरावर काय परिणाम होतो, सोडियम थायोसल्फेट द्यावे की न द्यावे, यावर पुढे कित्येक महिने वाद चालला. मृतांचा आकडा किती, हा वाद तर अद्याप मिटलेला नाही.

भोपाळ ही आमच्या राज्याची राजधानी. हट्टा हे बालाघाट जिल्ह्यातील लहानसे गाव. जुन्या दगडी बावडीमुळे थोडेफार नाव ऐकिवात असलेले. बालाघाट-गोंदिया लोहमार्गावर 'हट्टा रोड' नावाचे स्थानकही आहे. येथे मराठी, हिंदी आणि पोवारी अशा तिन्ही बोलींतून रुग्णाची हकिकत ऐकावी लागते. भाताचा हा मुलूख. भोपाळसारखा कारखाना आमच्या पंचक्रोशीत नाही, म्हणून त्या रात्रीचा प्रश्न आमच्यासाठी नाही, असे कोणासही वाटेल. तो आमच्यासाठीही आहे, किंबहुना आमच्यासारख्या गावांसाठी तो अधिक अवघड आहे, एवढेच मला या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडावयाचे आहे.

भोपाळनंतर आपल्या देशात कायदे झाले नाहीत असे नाही. उलट एकामागून एक झाले. १९८६ साली पर्यावरण (संरक्षण) अधिनियम आला. १९८७ साली फॅक्टरी अॅक्टमध्ये दुरुस्ती होऊन, धोकादायक प्रक्रिया चालविणाऱ्या कारखानदाराने त्या धोक्यांची माहिती कामगारांना, कारखाने निरीक्षकाला, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या जनतेलाही दिली पाहिजे, असे बंधन आले. तो कायदा आता ज्या नव्या संहितेत विलीन झाला आहे, तिच्यातही ही तरतूद आहे. १९८९ साली घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात यांसंबंधीचे नियम झाले. ठरावीक प्रमाणाहून अधिक साठा असेल तर त्या जागेची सूचना सरकारला द्यावयाची, आवारातील संकटासाठी मालकाने आराखडा करावयाचा, आवाराबाहेरील वस्तीसाठी जिल्हा प्रशासनाने करावयाचा, झळ पोहोचू शकेल अशा लोकांना आधीच सांगून ठेवावयाचे, आणि मोठा अपघात झालाच तर ४८ तासांच्या आत कळवावयाचे, अशी ती सर्व व्यवस्था आहे. कागदावर ती उत्तम आहे, हे मी उपरोधाने म्हणत नाही.

अडचण आहे ती 'ठरावीक प्रमाण' या दोन शब्दांत. क्लोरीनचे उदाहरण घ्या. या नियमांत क्लोरीनसाठी ठरविलेले खालचे प्रमाण १० टन आहे. पाणी शुद्ध करण्यासाठी जे मोठे टोनर वापरतात, त्यांत सुमारे ९०० किलो क्लोरीन असते. असे ११ टोनर एका रांगेत उभे केले तरी दहा टन भरत नाहीत! लहान योजनांवर तर १०० किलोचे सिलिंडर असतात. बर्फाच्या कारखान्यातील अथवा शीतगृहातील अमोनियाचीही तीच गत. स्वतंत्र साठवणुकीसाठी खालची मर्यादा ६० टन आहे आणि तालुक्याच्या ठिकाणच्या बर्फाच्या कारखान्याला एवढा अमोनिया जन्मात लागत नाही. म्हणजे मोठ्या कारखान्याची नोंद दप्तरी असते, आणि वस्तीला खेटून असलेल्या लहान व्यवसायासाठी आराखडाही नाही आणि शेजाऱ्याला सूचनाही नाही. फुप्फुसाला मात्र वायू दहा टनांच्या टाकीतून आला की शंभर किलोच्या सिलिंडरमधून, हे कळत नाही.

अमेरिकेने याच भोपाळपासून घेतलेला धडा थोडा वेगळा आहे. तेथे १९८६ साली जो कायदा झाला, त्याने प्रत्येक भागात स्थानिक आपत्ती नियोजन समिती नेमली आणि व्यावसायिकाने दरवर्षी आपल्या साठ्याचा तक्ता त्या समितीला, राज्याला व अग्निशामक दलाला द्यावा असे ठरविले. क्लोरीनसाठी तेथील नोंदीची मर्यादा १०० पौंड, म्हणजे सुमारे ४५ किलो आहे. आपल्याकडील शंभर किलोचा एकच सिलिंडर तेथे नोंदवावा लागला असता. त्याच कायद्यात आम्हां डॉक्टरांच्या कामाचे एक कलम आहे. तातडीच्या प्रसंगी उपचार करणाऱ्या डॉक्टरने विचारले तर व्यापारी गुपित असले तरी रसायनाचे खरे नाव त्याला तत्काळ सांगावेच लागते. नंतर काय ते कागद करा.

अर्थात नुसत्या तक्त्याने जीव वाचत नाहीत, हेही तेथेच दिसले. टेक्सास राज्यातील वेस्ट नावाच्या लहान गावी १७ एप्रिल २०१३ रोजी खताच्या गोदामाला आग लागली आणि अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. साठ्याचा अहवाल दप्तरी होता. मृत्यू पावलेल्या १५ जणांपैकी १२ जण मदतीसाठी धावून गेलेले होते. कागद कचेरीत होता. आगीकडे धावलेल्या माणसांच्या डोक्यात तो नव्हता.

आता आपल्या घराजवळ येऊ. ७ जून २०१७ रोजी बालाघाटजवळच्या खैरी गावी फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि सुमारे २५ माणसे मृत्युमुखी पडली. आमच्या जिल्ह्यातील कोणाही डॉक्टरला ती दुपार विसरता येणार नाही. त्याच्या दोन वर्षे आधी, १२ सप्टेंबर २०१५ रोजी, झाबुआ जिल्ह्यातील पेटलावद येथे भर वस्तीतील इमारतीत ठेवलेल्या जिलेटिनच्या कांड्यांचा स्फोट होऊन ७५ हून अधिक लोक दगावले. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी हरदा येथे पुन्हा फटाक्यांचाच कारखाना. ही तिन्ही ठिकाणे मध्य प्रदेशातील, तिन्ही लहान गावांतील, आणि तिन्ही ठिकाणी स्फोटके ही कोणाच्या तरी रोजच्या धंद्याचा माल होती. स्फोटक पदार्थांच्या २००८ सालच्या नियमांप्रमाणे एका वेळी १५ किलोपर्यंत फटाके बनविण्याचा परवाना जिल्हा दंडाधिकारी देऊ शकतात. त्याहून अधिक असेल तर पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेकडे जावे लागते. या संघटनेचे मुख्यालय आमच्यापासून दूर नाही, ते नागपूरला आहे. पण परवाना कोणाचा आणि किती किलोचा, हे भिंतीपलीकडे राहणाऱ्यास कोण सांगतो?

मोठी शहरे यातून सुटली आहेत असेही नाही. मुंबईत शिवडी येथे बंदराच्या आवारात १४ जुलै २०१० रोजी क्लोरीनची गळती झाली आणि शंभराहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावे लागले; त्यांत अग्निशामक दलाचे जवानही होते. ते सिलिंडर कित्येक वर्षे बेवारस पडून होते. मालक नाही म्हणून जबाबदार माणूस नाही, आणि जबाबदार माणूस नाही म्हणून आत काय आहे याचा विचार करणाराही नाही.

आमच्या भागात मला सर्वांत जास्त भीती वाटते ती या सर्वांहून साध्या दिसणाऱ्या वस्तूची. भाताच्या गोदामात कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. हवेतील ओलाव्याशी संयोग झाला की त्यांतून फॉस्फिन वायू निघतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे १ ग्रॅम फॉस्फिन मिळतो. साधा हिशेब करून पाहा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा बंद खोलीत एक गोळी पूर्ण विरघळली, तर हवेत फॉस्फिनचे प्रमाण दशलक्षांत सुमारे २५ भाग होते. कामाच्या जागी मान्य असलेली मर्यादा ०.३ आहे. दोन गोळ्या झाल्या की आपण थेट जीवघेण्या पातळीला येऊन ठेपतो. या विषाला उतारा नाही. म्हणूनच सामान्य माणसाला या गोळ्या विकण्यास कायद्याने बंदी आहे. त्या सरकारी संस्थांना आणि अधिकृत धुरीकरण करणाऱ्यांनाच मिळावयास हव्यात. प्रत्यक्षात त्या किराणा दुकानाच्या फळीवर मी पाहिल्या आहेत.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका गोदामातून दोन हमाल माझ्या दवाखान्यात आणले गेले. उलट्या, छातीत आवळल्यासारखे, नाडी क्षीण, रक्तदाब हाताला लागेना. बरोबरची माणसे म्हणत होती, "सकाळी शिळी भाजी खाल्ली जी, तेच बाधले." त्यांच्यामागून एक पोरगा धावत आला. त्याच्या हातात पत्र्याचा रिकामा डबा होता. गोदामात थप्पीच्या मागे झोपल्या जागेशी तो पडला होता, एवढेच त्याने सांगितले. डब्यावरचे नाव वाचल्यावर मी अन्नविषबाधेचा विचार सोडून दिला. सिल्व्हर नायट्रेटमध्ये भिजविलेला कागद रुग्णाच्या श्वासासमोर धरला तर तो काळवंडतो, ही जुनी परीक्षा. तीही जमून आली. दोघांनाही प्राणवायू लावून गोंदियास रवाना केले. थोरला बचावला. धाकटा तेथे पोहोचल्यावर तासाभराने गेला. त्याचे वय २२ होते. गोदामाच्या दारावर 'आत धुरी चालू आहे, प्रवेश करू नये' एवढी पाटी असती, तर तो आत झोपला नसता. तो डबा आला नसता, तर थोरल्यालाही मी सलाइन लावून तेथेच ठेवून घेतले असते.

त्यानंतर मी एक नोंदवही घातली. तिचे स्वरूप अगदी साधे आहे. गावातील व आसपासच्या ज्या दुकानांत, गिरण्यांत, गोदामांत घातक पदार्थ असतात, त्यांतील प्रत्येकासाठी एक पान. त्यावर पदार्थाचे व्यापारी नाव, त्याखाली रासायनिक नाव, साधारण किती असतो, इमारतीच्या कोणत्या बाजूला असतो, रात्री आत कोणी झोपते काय, किल्ली कोणाकडे असते आणि कोणाला फोन करावयाचा. पानाच्या तळाशी लाल शाईने मी स्वतः लिहितो ते दोन ओळींत: उतारा आहे की नाही, असल्यास माझ्याकडे किती आहे, आणि रुग्णाला पाण्याने धुवावे की नाही.

पहिल्या फेरीत लोक बिचकले. एका दुकानदाराने विचारले, "डॉक्टरसाहेब, ही लिस्ट जीएसटीवाल्यांना द्यायची आहे काय?" त्याचे चुकले असे मला वाटत नाही. आपल्याकडे माहिती मागणारा प्रत्येक माणूस काही तरी न्यावयास येतो, असाच अनुभव आहे. मी त्याला विचारले, दुकानाच्या माडीवर कोण राहते? त्याची दोन नातवंडे माडीवर झोपत होती. मग त्याने स्वतःच फळीवरची एक-एक बाटली काढून दाखविली. कीटकनाशकाच्या बाटलीवर जो रंगीत चौकोन असतो, त्याचा अर्थ त्या दिवशी त्यालाही नीट समजला. लाल म्हणजे अतिशय विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. वेष्टनातील पत्रकावर उतारा छापलेला असतो. तो वाचावयास बाटली आपटून फुटेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

या वहीचा माझ्यावरच झालेला परिणाम सांगण्यासारखा आहे. आमच्या भागात ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातील औषधे किती दुकानांत आहेत, हे पानोपानी दिसू लागल्यावर मी ॲट्रोपिनचा साठा वाढविला. एका गंभीर रुग्णाला ०.६ मिलिग्रॅमच्या किती ॲम्प्युल लागू शकतात, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. डझनांनी लागतात, कधी शेकड्यांनी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना जे शेतकरी व मजूर विषबाधेने दगावले, त्या बातम्या ज्यांनी वाचल्या असतील, त्यांना या साठ्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. फवारणीच्या हंगामाआधी औषध विक्रेत्याला सांगून ठेवले, तर ते मिळते. हंगामात मिळत नाही.

बर्फाच्या कारखानदारांकडून आणि पाणीपुरवठ्याच्या ठिकाणांहून मी एका कागदाची मागणी केली. १९८९ च्या नियमांतील १७ व्या नियमाप्रमाणे घातक रसायन वापरणाऱ्याने त्याचे सुरक्षा माहितीपत्रक ठेवले पाहिजे आणि मागणाऱ्यास ते पाहता आले पाहिजे. येथे टनांची अट नाही. आपल्यापैकी फार थोड्यांना ही गोष्ट ठाऊक असेल. त्या पत्रकात प्रथमोपचाराचा भाग असतो, तो वाचून अनुरूप तयारी करता येते. अमोनियाने भाजलेले डोळे निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावयाचे आणि स्वरयंत्राच्या सुजेवर नजर ठेवावयाची. क्लोरीनच्या रुग्णाला 'आता बरे वाटते' म्हणतो म्हणून लगेच घरी पाठवावयाचे नाही. फुप्फुसात पाणी काही तासांनी भरू शकते. क्लोरीन हवेहून जड आहे, म्हणून तो खोलगट जागी साचतो. गावातल्या माणसाला एवढे एक वाक्य ठाऊक असले, तरी तो नाल्याकडे न पळता वाऱ्याच्या उलट दिशेला, उंचावर जाईल.

रस्त्यावरून जाणाऱ्या टँकरची नोंद कोणत्याच वहीत करता येत नाही. परंतु त्याच्या मागे जो फलक असतो त्यावर चार आकडी क्रमांक असतो आणि मी आमच्या कंपाउंडरकडून चार क्रमांक पाठ करून घेतले आहेत: अमोनिया १००५, क्लोरीन १०१७, एलपीजी १०७५, पेट्रोल १२०३. अपघाताची वर्दी देणाऱ्याला पहिला प्रश्न तोच विचारावयाचा, "मागच्या पाटीवर आकडा काय आहे?" आणि दुरूनच वाचावयास सांगावयाचे.

आता मुद्दा आपल्या अधिकाराचा. ही वही हा एका खेडेगावच्या डॉक्टरचा छंद आहे, असे कोणी म्हटले तर त्याला दाखविण्यासाठी माझ्यापाशी सरकारी आधार आहे. रासायनिक अपघातांसंबंधीचे नियम १९९६ साली झाले. त्यांत केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक अशा चार पातळ्यांवर संकट गट सांगितले आहेत. स्थानिक गटाचे अध्यक्ष उपविभागीय दंडाधिकारी. सभासदांत ठाणेदार, गटविकास अधिकारी, अग्निशामक अधिकारी, स्थानिक वृत्तपत्राचा संपादक, सरपंच आणि, येथे लक्ष द्यावे, त्या भागातील दोन नामवंत डॉक्टर. दरमहा बैठक आणि सहा महिन्यांतून एकदा पूर्ण स्वरूपाची रंगीत तालीम, असे त्यात लिहिलेले आहे. मी गेल्या काही वर्षांत भेटलेल्या निरनिराळ्या गावांच्या डॉक्टरांना विचारून पाहिले की ही दोन आसने आपल्यासाठी आहेत हे आपणांस ठाऊक आहे काय. बहुतेकांनी मलाच उलट प्रश्न विचारला, "अशी काही कमिटी असते?" आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी जे औद्योगिक वसाहतींजवळ व्यवसाय करतात, त्यांनी आपल्या उपविभागीय कार्यालयात एक अर्ज देऊन हे विचारण्यास हरकत नाही. बालाघाट, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात तर ते अगत्याचे आहे. भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेला स्फोट अद्याप ताजा आहे.

हट्ट्यासारख्या गावात मोठा कारखानाच नसल्याने हा गट सहसा पोहोचत नाही. तेथे २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाचा उपयोग होतो. त्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असतो आणि तो दरवर्षी सुधारावयाचा असतो. पूर, वीज, उष्माघात हे त्यात येते. गावच्या गोदामांची यादी त्यात यावी यासाठी ती आधी कोणी तरी केलेली असावी लागते. मी वहीची एक प्रत तहसील कार्यालयात दिली आहे, पोच घेऊन.

आपण डॉक्टर इतरांकडून नोंदी मागतो तेव्हा आपल्याकडूनही काही नोंदी येणे आहेत, हे ओघाने आठवते. कामगाराला व्यवसायजन्य अधिसूचित आजार असल्याचा संशय आला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरने ते कळविले पाहिजे, हे बंधन जुन्या फॅक्टरी आणि खाण कायद्यांत होते व नव्या संहितेतही आहे. आमच्या जिल्ह्यात भरवेलीसारख्या मँगनीजच्या खाणी आहेत आणि मँगनीजची विषबाधा या यादीत आहे. चालताना तोल जाणारा, आवाज एकसुरी झालेला, चेहऱ्यावर भाव न उमटणारा खाणकामगार आला, तर 'पार्किन्सन' असे लिहून मोकळे होण्यापूर्वी त्याने कोठे व किती वर्षे काम केले, हे विचारावे. कीटकनाशकांच्या १९६८ सालच्या कायद्यातही विषबाधेची वर्दी देण्यास राज्य सरकार भाग पाडू शकते, असे २६ वे कलम आहे.

वहीच्या आता तीन प्रती आहेत. एक माझ्या दवाखान्यात टेबलाच्या खणात, एक पोलीस ठाण्यात आणि एक सरकारी दवाखान्यात. वर्षातून दोनदा पाने तपासावी लागतात: पेरणीच्या आधी कीटकनाशकांसाठी आणि धान गोदामात आल्यावर गोळ्यांसाठी. दिवाळीच्या तोंडावर एक जादा पान जोडतो, फटाक्यांच्या तात्पुरत्या दुकानांचे. नियमाप्रमाणे दोन दुकानांत निदान ३ मीटरचे अंतर हवे, ती समोरासमोर नसावीत आणि वस्तीपासून ५० मीटर दूर असावीत. गेल्या खेपेस शाळेचे एक शिक्षक मोजपट्टी घेऊन माझ्याबरोबर आले होते. दोन दुकाने सरकवावी लागली. दुकानदारांनी कुरकुर केली, पण बांबू उपटून सरकविली.